हव

गेल्या आठवड्यात माझ्या शब्दावर
तीन माणसं पृथ्वीवर परतली.
आज आर्वी रोडच्या घरात, पायरीवर,
मफलर बांधलेल्या बाबांसमोर
मी तुरीच्या शेंगा सोलते आहे,
आणि लाईन गेली आहे.

बाबा तेहतीस केव्हीच्या सबस्टेशनात ऑपरेटर होते.
गिट्टीवर दोन ट्रान्सफॉर्मर, चुन्याची खोली,
एक रजिस्टर, आणि ब्रेकरचा दांडा,
ज्याला मी लहानपणी देवासारखी लांबूनच बघायची.
फॉल्ट झाला की लाईनमन खांबांवर चढत.
दांडा ओढायच्या आधी बाबा फोनवर नावं घेत.
पुंडलिक? हव.
इस्माईल? हव जी.
गुलाब? उतरलो ना साहेब, हव.
ज्याचा जीव, त्याचाच आवाज लागायचा.
'निरोप खांबावर चढत नाई,' म्हणायचे,
'मानूस चढते.'

लोकांना वाटतं मी यान चालवते.
मी फक्त विचारते.
सतरा टेबलं, कानाला हेडसेट, गार हवा,
आणि मी एकेकाला हाक मारते, कामाच्या नावाने:
इंजिन. प्राणवायू. वाट. डॉक्टर. पॅराशूट. समुद्र.
उत्तराचा शब्द इंग्रजी आहे.
मला तो वऱ्हाडीतच ऐकू येतो.
मधल्या वेळात थांबायचं.
पगार बहुतेक त्या थांबण्याचाच.

एकदा वैशाखात, वादळानंतर,
गुलाब उईके बोलला नाही.
राऊतांकडे लग्न. नवरदेव अंधारात,
आईस्क्रीमचं दूध होत चाललेलं,
फाटकाशी चाळीसेक लोक
आणि दोन मोटारसायकलींचा उजेड बाबांच्या तोंडावर.
'दाब ना बे बुढ्या!'
मी नववीत. डबा घेऊन आलेली,
रजिस्टरच्या टेबलाला पाठ लावून उभी.
बाबा फोन फिरवत राहिले.
तासाभराने सायकलवर एक पोट्टा आला:
गुलाब केव्हाच उतरला, फोन नाल्यात पडला,
तो पलीकडच्या वस्तीत जेवायला बसला आहे.
बाबा म्हणाले, 'त्याले आन.'
आणखी अर्धा तास.
गुलाब आला, उष्ट्या हातानेच,
दारात उभा राहून म्हणाला, हव.
मग दांडा.

मुहूर्त गेला होता.
राऊतांनी पुढे सहा वर्षं आम्हाला पत्रिका दिली नाही.

परवा, उतरणीच्या आधी,
प्राणवायूच्या टेबलावरचा जोसेफ म्हणाला, थांबा.
एक आकडा हलत होता.
काचेमागे मोठी माणसं, मनगटावर घड्याळं,
वर तिघं पट्टे आवळून तयार.
मी अख्खी एक प्रदक्षिणा थांबवली. नव्वद मिनिटं.
आकडा खोटा निघाला. सेन्सर बिघडलेला.
म्हणजे काहीच झालं नव्हतं.
दोन्ही वेळा काहीच झालं नव्हतं,
आणि हे पेपरवाल्यांना कसं सांगायचं, मला अजून सुचलेलं नाही.

नंतर ती चार मिनिटं.
यानाभोवती आग असते, आवाज बाहेर येत नाही.
सतरा जण गप्प.
कुणाला तरी खोकला आला, त्याने तो गिळला.
माझ्या कानात नाल्यात पडलेला एक फोन
वाजत होता, वाजत होता.

बाबा शेंग मोडतात. दाणे परातीत पडतात.
'तिघं बी बोलले?'
हव.
'सोताच्या तोंडानं?'
हव.
मान हलवतात. एक किडकी शेंग अंगणात भिरकावतात.
आतल्या खोलीत फ्रीज एकदम थरथरतो,
ओसरीवरचा बल्ब आमच्या डोळ्यांत येतो.
बाबा सवयीने भिंतीवरचं घड्याळ बघतात,
रजिस्टर नाही, तरी वेळ पुटपुटतात,
आणि म्हणतात,
'कोनीतरी हव म्हनलं असन.'